वेदीखालचा बुंधा: ओडिन-थॉरच्या उपासकांची जुनी रीत आणि तिचं आजचं जगणं

स्वीडनमधल्या एका मोठ्या तळ्यात फ्रोसो नावाचं बेट आहे. नावाचा अर्थ 'फ्रेयचं बेट'. फ्रेय हा ऊन-पाऊस, पीक आणि सुबत्ता यांचा देव. 1984 साली या बेटावरच्या जुन्या चर्चमध्ये, वेदीच्या खाली, पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी खोदकाम केलं. तिथे बर्च झाडाचा एक बुंधा निघाला आणि त्याच्या मुळांभोवती हाडं. गुरांची, डुकरांची, शेळ्यामेंढ्यांची, आणि त्यांच्यात अस्वलांचीही. हजारेक वर्षांपूर्वी लोक या झाडापाशी बळी देत असत. मग कुणीतरी झाड तोडलं आणि बरोबर त्याच जागी, बुंध्याच्या डोक्यावर, चर्चची वेदी उभी राहिली.

जर्मानिक लोकांच्या जुन्या धर्माबद्दल कुणी विचारलं की मला आधी हा बुंधा आठवतो. त्या धर्माचं जे काही आज हाती आहे ते बहुतेक असंच, ज्यांनी तो मोडला त्यांच्याच पायाखाली टिकलेलं. आणि आज आइसलँडपासून अमेरिकेपर्यंत हजारो माणसं तो धर्म पुन्हा जगू पाहतात, ती या बुंध्यावर कलम करतायत. जुनं झाड परत आलं असं त्यांच्यातले जाणते लोकही म्हणत नाहीत.

'जर्मानिक' म्हणजे फक्त आजचा जर्मनी नव्हे. एका भाषाकुळातली माणसं असा त्याचा अर्थ: स्कँडिनेव्हियातले नॉर्स लोक, इंग्लंडमध्ये जाऊन राहिलेले अँगल आणि सॅक्सन, राइनकाठचे फ्रँक, पार काळ्या समुद्रापर्यंत गेलेले गॉथ. या सगळ्यांचा मिळून एक धर्मग्रंथ नव्हता, एक संस्थापक नव्हता. इतकंच काय, 'धर्म' या अर्थाचा शब्दही नव्हता. नॉर्स भाषेत ते म्हणत 'सिद्र', म्हणजे रीत, रिवाज. ख्रिस्ती धर्म आला तेव्हा त्याला 'नवी रीत' म्हटलं गेलं आणि आधीचं जे होतं ते 'फोर्न सिद्र', जुनी रीत. 'हीदन' किंवा 'पेगन' ही नावं बाहेरच्यांनी, हिणवण्यासाठी ठेवली. आजचे उपासक 'हीदन' हे नाव मानाने लावतात. 'आसात्रू' असंही म्हणतात, म्हणजे आसांवर, त्या देवकुळावर श्रद्धा. पण मला 'जुनी रीत' हाच शब्द सगळ्यांत खरा वाटतो. काय मानता यापेक्षा काय करता, कुणाबरोबर करता, वर्षाच्या कुठल्या दिवशी करता, यावर तो बेतलेला आहे.

आता अडचण अशी की या रीतीबद्दल लिहिलं कुणी? रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन 98 मध्ये जर्मानिक टोळ्यांचं वर्णन केलं. नेर्थुस नावाच्या भूमातेचा रथ गायी ओढतात, तो फिरत असेपर्यंत शस्त्रं उचलत नाहीत, राईंमध्ये देव पूजतात, असं तो सांगतो. पण तो परका आणि त्याचे वाचक रोमन. अकराव्या शतकात ब्रेमेनचा आडाम उप्सालाच्या देवळाचं अंगावर काटा आणणारं वर्णन करतो. दर नऊ वर्षांनी प्रत्येक प्राणिजातीचे नऊ नर बळी देऊन झाडांना टांगतात, त्यात माणसंही असतात, असं तो लिहितो. पण तो ख्रिस्ती पाद्री, आणि ऐकीव माहितीवर लिहितोय. सगळ्यांत मोठा साठा आइसलँडचा. 1220 च्या सुमारास स्नोरी स्टुर्लुसन याने कवींना जुन्या उपमा कळाव्यात म्हणून देवांच्या कथा लिहून ठेवल्या, आणि 1270 च्या आसपास कुणा अनामिकाने जुन्या कविता एका चामडी हस्तलिखितात उतरवल्या. दोघेही ख्रिस्ती, आणि देश ख्रिस्ती होऊन दोनशेहून जास्त वर्षं लोटलेली. ते हस्तलिखित 1643 साली एका बिशपच्या हाती आलं, पुढे डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि 1971 साली जहाजाने परत रेक्याविकला आलं, तेव्हा बंदरावर गर्दी लोटली होती. पंचेचाळीस पानांसाठी!

खुद्द उपासकांच्या तोंडचे शब्द फार थोडे उरलेत. त्यातला एक ठेवा मला विशेष जवळचा वाटतो. 1841 साली जर्मनीतल्या मेर्सेबुर्गच्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात, एका धार्मिक हस्तलिखिताच्या रिकाम्या पानावर, जुन्या जर्मन भाषेतले दोन मंत्र सापडले. दुसरा मंत्र घोड्याच्या मुरगळलेल्या पायासाठी आहे. देव रानातून चाललेत, बाल्डर या देवाच्या घोड्याचा पाय मुरगळतो, वोदान म्हणजे देवांचा प्रमुख ओडिन मंत्र म्हणतो: हाड हाडाला, रक्त रक्ताला, सांधा सांध्याला, जणू डिंकाने चिकटवलं. आणि आपल्या अथर्ववेदात चौथ्या कांडाच्या बाराव्या सूक्तात, मोडलेलं हाड सांधण्यासाठी म्हटलंय: 'मज्जा मज्ज्ञा सं धीयतां', मज्जा मज्जेला जुळो, कातडीवर कातडी येवो, मांसावर मांस येवो. हे साम्य एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांच्या नजरेत भरलं होतं. दोन्ही भाषा एकाच दूरच्या मुळाच्या, त्यामुळे नातं आहे एवढं नक्की. टीर या युद्धदेवाचं जुनं नाव 'तीवाझ', आणि आपला 'देव' हा शब्द, हे दोन्ही एकाच धातूतून आलेत. मात्र यावरून 'तो आपलाच धर्म होता' असं जे समाजमाध्यमांवर सांगितलं जातं ते चुकीचं आहे. चुलत भाऊ म्हणजे सख्खा भाऊ नव्हे, आणि स्वतः तर नव्हेच.

वारांची गोष्टही तशीच. ग्रहांवरून वार ठेवण्याची पद्धत रोमन जगातून उत्तरेला गेली आणि ग्रीक ज्योतिषाच्या वाटेने भारतात आली. उत्तरेकडच्यांनी रोमन देवांच्या जागी आपले देव बसवले. म्हणून आपला मंगळवार इंग्रजीत टीरचा ट्यूजडे, बुधवार वोडनचा वेन्सडे, गुरुवार थॉरचा थर्सडे, शुक्रवार फ्रिग या देवीचा फ्रायडे. ऑफिसच्या कॅलेंडरवर ही नावं आपण रोज वाचतो.

हे देव सर्वशक्तिमान नाहीत, ही गोष्ट समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. ओडिनने शहाणपणाच्या विहिरीतल्या एका घोटासाठी स्वतःचा डोळा दिला. लिपीचं, म्हणजे रून अक्षरांचं रहस्य मिळवण्यासाठी तो नऊ रात्री झाडाला लटकला, भाल्याने विद्ध, अन्नपाण्याविना, 'स्वतःला स्वतःचाच बळी' देऊन. थॉर हा शेतकऱ्यांचा देव. हातोडा घेऊन माणसांच्या जगाची राखण करणारा, चिडखोर आणि भाबडा. माणसांची नावं सगळ्यांत जास्त त्याच्यावरूनच ठेवली जात. विश्वाच्या मधोमध इग्द्रासिल नावाचा वृक्ष. त्याच्या मुळाशी विधिलिखिताची विहीर, आणि तिथल्या तिघी नॉर्न, म्हणजे नशीब ठरवणाऱ्या स्त्रिया, रोज तिचं पाणी आणि चिखल झाडावर शिंपतात, नाहीतर झाड कुजेल. शेवटी रॅग्नारोक, म्हणजे देवांचा अंत, येणार, लांडगा ओडिनला गिळणार, सापाच्या विषाने थॉर नऊ पावलं चालून पडणार, आणि देवांना हे आधीपासून ठाऊक आहे. तरी ते लढायला उभे राहतात. त्यानंतर समुद्रातून हिरवी जमीन पुन्हा वर येते, असं एक जुनी कविता सांगते.

मेल्यावर सगळे वल्हल्लात, म्हणजे ओडिनच्या महालात, जातात हा सिनेमांनी पसरवलेला समज. लढाईत पडलेल्यांपैकी अर्धे तिथे, अर्धे फ्रेया देवीकडे. बाकीचे बहुतेक हेलकडे, म्हणजे मृतांच्या जगात, आणि हेल म्हणजे पापांची शिक्षा देणारा नरक नव्हे. काही घराण्यांची श्रद्धा आणखी वेगळी. आइसलँडच्या पश्चिमेला हेल्गाफेल नावाची एक बसकी टेकडी आहे, नावाचा अर्थ 'पवित्र डोंगर'. आपण मेल्यावर या डोंगरात जाऊ असं तिथल्या एका सरदाराचं घराणं मानत असे, आणि तोंड धुतल्याशिवाय त्या डोंगराकडे कुणी पाहायचं नाही असा त्याचा नियम होता.

जमिनीचे रक्षक, 'लांडवेट्टिर', हे तर अजूनही आइसलँडच्या राजमुद्रेवर आहेत: ड्रॅगन, पक्षी, बैल आणि राक्षस. जुना कायदा असा होता की जहाज किनाऱ्याजवळ आलं की त्याच्या नाळेवरचं ड्रॅगनचं जबडा वासलेलं डोकं उतरवून ठेवायचं. नाहीतर भूमीचे रक्षक घाबरतील.

पूजेचा गाभा म्हणजे 'ब्लोट'. मूळ अर्थ बळी, अर्पण. सगळ्यांत सविस्तर वर्णन स्नोरीच्याच राजकथांत आहे, आणि ते हाकोन नावाच्या राजाच्या गोष्टीत येतं. दहाव्या शतकातला हा नॉर्वेचा राजा इंग्लंडमध्ये वाढलेला, ख्रिस्ती. त्याची प्रजा जुन्या रीतीची. ब्लोटच्या वेळी घोडे आणि गुरं कापत, रक्त डहाळ्यांनी भिंतींवर आणि माणसांवर शिंपडत, दिवाणखान्याच्या मधोमध चुली पेटवून मांस मोठ्या हंड्यांत शिजवत. मग शिंगातलं पेय विस्तवावरून फिरवलं जाई. पहिला घोट ओडिनला, राजाच्या विजयासाठी. पुढचे न्योर्द आणि फ्रेय या देवांना, 'चांगलं वर्ष आणि शांतता' यांसाठी. मग गेलेल्या नातलगांच्या स्मरणाचा.

हाकोनसमोर शिंग आलं तेव्हा त्याने त्यावर क्रूसाची खूण केली. शेतकरी खवळले. त्याचा मित्र सिगुर्द यार्ल, म्हणजे सरदार सिगुर्द, म्हणाला, अहो, राजाने थॉरच्या हातोड्याची खूण केली! दुसऱ्या दिवशी शेतकरी म्हणाले, घोड्याचं मांस खा. नाही म्हणाला. रस्सा पी. तेही नाही. शेवटी हंड्याच्या तुपकट झालेल्या कड्यावर फडकं गुंडाळून राजाने तोंड उघडून त्यावर धरलं, आणि कुणाचंच समाधान झालं नाही. स्नोरीने हे घटनेनंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी लिहिलंय, तपशील सगळे खरे मानू नयेत. पण क्रूस की हातोडा हा प्रश्न खरा होता. डेन्मार्कमध्ये एका कारागिराचा दगडी साचा सापडलाय, त्यात क्रूस आणि थॉरचा हातोडा दोन्ही एकत्र ओतायची सोय आहे. गिऱ्हाईक कुठल्याही बाजूचं असो.

देवाणघेवाण हा या सगळ्याचा पाया. हावामाल या जुन्या कवितेत ओडिनच्या तोंडी एक कडवं आहे: अति अर्पण करण्यापेक्षा न मागितलेलं बरं, कारण प्रत्येक भेट परतफेड मागते. तैत्तिरीय संहितेतलं 'देहि मे ददामि ते', तू मला दे, मी तुला देतो, हे ज्याने ऐकलंय त्याला यात परकं काही वाटणार नाही. देवाशी व्यवहार म्हणजे क्षुद्रपणा, असं मानायची सवय आपल्याला नंतर लागली. तिथे देणं म्हणजे नातं ठेवणं. ज्याच्याशी देवाणघेवाण बंद, त्याच्याशी नातं संपलं.

हे नातं तुटलं कसं? दोन रीतींनी. एक, बळाने. 723 च्या सुमारास बोनिफेस या मिशनऱ्याने हेसे प्रांतात थॉरचा पवित्र ओक तोडला. 772 मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याने सॅक्सनांचा इर्मिनसूल हा पवित्र खांब पाडला आणि पुढची तीसेक वर्षं युद्ध चाललं. 782 मध्ये फेर्देन इथे एकाच दिवशी 4500 सॅक्सनांची मुंडकी उडवली, असं खुद्द फ्रँकांच्या बखरी सांगतात. आकडा फुगवलेला असू शकतो, पण तो अभिमानाने लिहिला गेला हे विसरता येत नाही. त्यानंतरच्या कायद्यात बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला आणि मृताला जुन्या पद्धतीने दहन करणाऱ्याला देहदंड होता.

दुसरी रीत आइसलँडची. तिथे राजा नव्हता. 930 पासून थिंगवेलिरच्या खडकाळ मैदानावर दर उन्हाळ्यात लोकसभा भरत असे. नॉर्वेचा राजा दबाव टाकत होता, त्याने काही आइसलँडरांना ओलीस धरलं होतं. इसवी सन 1000 च्या सुमारास सभेत दोन तट पडले आणि दोघांनी एकमेकांचे कायदे मानायला नकार दिला. निर्णय थॉर्गेइरवर सोपवला. तो कायदा सांगणारा अधिकारी, आणि स्वतः जुन्या रीतीचा. तो आपल्या झोपडीत घोंगडी पांघरून एक दिवस एक रात्र पडून राहिला, कुणाशी बोलला नाही. उठून म्हणाला: कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल. सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा. मात्र घोड्याचं मांस खायची मुभा राहील, आणि घरात गुपचूप ब्लोट केलं तर चालेल. साक्षीदार मिळाले तर तीन वर्षं हद्दपारी. नको असलेलं मूल जन्मताच उघड्यावर टाकायची जुनी मुभाही राहिली. रीतीची ही काळी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काही वर्षांत या सवलतीही गेल्या.

मग जवळजवळ साडेनऊशे वर्षं. परंपरा या अर्थाने काहीच सलग राहिलं नाही. म्हणून 'आमच्या आजीपासून चालत आलेली गुप्त जर्मानिक उपासना' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

20 एप्रिल 1972 ला, आइसलँडी पंचांगातल्या उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, रेक्याविकच्या एका हॉटेलात काही मंडळींनी आसात्रूआरफेलागिथ ही संस्था स्थापन केली. प्रमुख झाले स्वेइनब्योर्न बेइनतेइनसन. मेंढपाळ शेतकरी, पांढरी लांब दाढी, आणि 'रीमुर' म्हणजे जुन्या यमकबद्ध कथाकाव्यांचे गायक. ही गायकी मात्र आइसलँडमध्ये शतकानुशतकं सलग चालत आलेली होती, आणि देवांच्या कविता त्यांनी तिच्याच आवाजात म्हटल्या. मला वाटतं त्या पुनरुज्जीवनाला खरा जीव इथून मिळाला. बिशपांचा विरोध असूनही 1973 मध्ये सरकारने संस्थेला धार्मिक संस्था म्हणून मान्यता दिली. आता तिचे गोथी, म्हणजे पुरोहित, कायदेशीर लग्नं लावतात, आणि सदस्यांच्या कराचा ठरावीक वाटा तिला मिळतो. चार लाखांहून कमी वस्तीच्या देशात तिचे पाच हजारांहून जास्त सदस्य आहेत. 2003 पासून संगीतकार हिल्मर अर्न हिल्मर्सन प्रमुख आहेत. आठ पायांच्या घोड्यावरून एक एकाक्ष माणूस खरोखर हिंडतो असं इथे कुणी मानत असेल असं वाटत नाही, या कथा म्हणजे निसर्गाच्या आणि मनाच्या शक्तींची काव्यं, असं त्यांनी सांगितलंय. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन इथेही नोंदणीकृत संस्था आहेत. अमेरिकेत 'द ट्रॉथ' ही संस्था 1987 पासून आहे, आणि 2013 पासून तिथल्या दिवंगत सैनिकांच्या स्मृतिशिलेवर थॉरचा हातोडा कोरायला सरकारी मान्यता आहे.

तिकडचे अनेक उपासक हातोडा गळ्यात घालतात, घरात छोटी वेदी ठेवतात, झाडाच्या बुंध्याशी दूध, बिअर किंवा मध आंबवून केलेलं मीड ओततात. 'सुम्बेल' नावाच्या बैठकीत शिंग हातोहात फिरतं. पहिली फेरी देवांना, दुसरी पूर्वजांना किंवा वीरांना, तिसरीत आपण केलेलं काम सांगायचं किंवा शपथ घ्यायची. शिंगावर हात ठेवून बोललेला शब्द नशिबाच्या विणीत जातो असं ते मानतात, म्हणून न पाळता येणारी शपथ घेऊ दिली जात नाही. आइसलँडच्या संस्थेत प्राण्यांचा बळी नाही. अमेरिकेत काही पशुपालक गट तो देतात, नंतर सगळे मिळून जेवतात.

त्यांच्यात एक सवय आहे जी मला फार आवडते. पुराव्यात नसलेली, पण स्वतःच्या अनुभवातून आलेली गोष्ट कुणी सांगितली, उदाहरणार्थ 'फ्रेयाला स्ट्रॉबेरी आवडतात', तर तिला ते 'यूपीजी' म्हणतात, म्हणजे पडताळा नसलेलं वैयक्तिक ज्ञान. तिचा अपमान नाही करायचा, पण तिला परंपराही म्हणायचं नाही. शिंगं असलेली व्हायकिंग शिरस्त्राणंसुद्धा 1876 च्या जर्मन ऑपेराच्या वेशभूषेतून जगभर पसरली, हेही ते नवख्यांना लगेच सांगतात.

आणि एक जखम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन-ऑस्ट्रियन राष्ट्रवाद्यांनी या देवांना वंशाच्या खुंटीला बांधलं. गुइडो फॉन लिस्टने तर स्वतःची अठरा रून अक्षरं रचली. पुढे नाझी नेता हिमलर याच्या एसएस या दलाने गणवेशावर रून चढवल्या आणि 1935 मध्ये 'पूर्वजांच्या वारशा'च्या नावाने एक संशोधनसंस्था काढली. आजही काही गट हा धर्म फक्त गोऱ्या रक्ताचा म्हणतात. 2016 मध्ये अमेरिकेतल्या अशा एका संघटनेविरुद्ध अनेक देशांतल्या हीदन गटांनी 'घोषणापत्र 127' वर सह्या केल्या. हावामालच्या एकशेसत्ताविसाव्या कडव्यावरून हे नाव: दुष्टपणा दिसला की त्याला दुष्टपणा म्हण, आणि शत्रूंना शांतता देऊ नकोस. हिल्मर्सन यांच्या संस्थेने समलिंगी लग्नांना पाठिंबा दिला म्हणून 2015 मध्ये परदेशातून द्वेषाची पत्रं आली.

वंशशुद्धीवाल्यांचं म्हणणं त्या कथांतच टिकत नाही, हे मला ठामपणे सांगायचंय. ओडिनची आई राक्षसकुळातली. थॉरची आई योर्द, म्हणजे साक्षात पृथ्वी, तीही राक्षसकुळातली. न्योर्द आणि फ्रेय हे वानिर या दुसऱ्याच देवकुळातले, युद्धानंतर तहात ओलीस म्हणून आलेले आणि आसांमध्ये राहिलेले. आइसलँडची वस्तीही तशीच मिश्र: पहिल्या पिढ्यांतल्या स्त्रियांचा मोठा भाग आयर्लंड-स्कॉटलंडकडचा होता, हे जनुकीय अभ्यासातून दिसतं.

रेक्याविकच्या अस्क्यूहलिथ टेकडीच्या उतारावर 2015 पासून देवळाचं काम सुरू झालं. 20 मार्चला, सूर्यग्रहण चालू असताना, ती जागा पवित्र करण्यात आली. काम पैशांअभावी रेंगाळलं, पण ब्लोटला देऊळ लागतं कुठे? उन्हाळ्यात थिंगवेलिरला, जिथे थॉर्गेइरने घोंगडीखालून उठून निर्णय सांगितला त्याच मैदानावर, लोक वर्तुळ करून उभे राहतात. सदस्य नसलेले, परदेशीही येऊ शकतात. गोथी आधी उपस्थित सगळ्यांमध्ये शांतता आणि अभय जाहीर करतात. मग जुन्या कवितांतली कडवी म्हटली जातात, आणि शिंग फिरू लागतं. देवांसाठी, भूमीच्या रक्षकांसाठी, गेलेल्या माणसांसाठी. थोडं प्यायचं, थोडं गवतावर ओतायचं, आणि शिंग शेजारच्याच्या हातात द्यायचं.